लहान डिस्क कुणी नेली

चोराने कॉम्प्युटरमधली मोठी डिस्क सोडून लहान नेली, म्हणूनच शशिकांत टिपणीस पोलिसांकडे न जाता अंबरनाथला वृंदा देवस्थळींच्या ऑफिसात आले.

वृंदाताई खासगी तपास करत. बहुतेक कामं लग्नाच्या चौकशीची. सोबत गुरुदत्त असे. निवृत्त झाल्यावर घरी बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून तो त्यांच्याकडे येऊन बसू लागला आणि हळूहळू बरोबर फिरू लागला. त्याच्या डोक्यात गोष्टी उशिरा शिरत.

"मोठी नवी आहे, महाग आहे," टिपणीस म्हणाले. "लहान जुनी. पण आवाज तिच्यात होता."

कुणाचा, ते त्यांनी बदलापूरला, कात्रपच्या घरी पोचल्यावर सांगितलं.

पत्नी मालिनी दोन वर्षांपूर्वी गेली. आजारपणात अंथरुणावरून ती माहेरच्या गोष्टी सांगे, त्याची एक व्हिडिओ कॅसेट होती. कॅसेटला बुरशी धरली, तेव्हा ती घरीच कॉम्प्युटरवर उतरवायची, नीट कापून जोडायची, असं टिपणीसांनी ठरवलं. मग वर्षभर तोच ध्यास. पेंटियम आत्ता घ्यावा की किमती उतरू द्याव्यात? कॅसेटवरचं चित्र आत घेणारं कॅप्चर कार्ड कुठलं? मेमरी किती? उल्हासनगरचा गोप छाब्रिया सुटे भाग आणून देई. त्याच्याच सल्ल्याने चित्रासाठी मोठी वेगवान डिस्क घेतली आणि आवाज जुन्या डिस्कवर ठेवला. दोन्ही एकाच डिस्कवर घातलं की चित्र अडखळे. कॅसेट एकदाची उतरली. पुन्हा लावली तेव्हा ती व्हीसीआरमध्ये अडकून फाटली.

"म्हणजे आवाज आता फक्त त्या डिस्कवर," वृंदाताई म्हणाल्या.

खोलीत दिवसाही दिवा लागे. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून खिडकीला काळा कागद चिकटवला होता. तो कुठेही उचकटलेला नव्हता. मशीन तापतं म्हणून पेटीचं झाकण कायमचं काढलेलं. टेबलावर एका वाटीत स्क्रू होते.

"हे तुम्ही ठेवलेत?"

"नाही. शुक्रवारी डॉक्टरांकडून परत आलो तर असेच होते."

वृंदाताईंनी आत वाकून उरलेल्या डिस्कवरची कागदी पट्टी वाचली. "यावर तर 'आवाज' लिहिलंय."

"पट्ट्या गरम होऊन गळल्या होत्या. शेजारच्या कुंदाताईंनी उलट्या चिकटवल्या. मला ठाऊक होतं, म्हणून तशाच ठेवल्या."

"किल्ली?"

"मीटरच्या पेटीवर असते. कुंदाताईंना माहीत आहे, गोपला आणि हेमचंद्रला. हेमचंद्र म्हणजे मालिनीचा धाकटा भाऊ, अंबरनाथला एकटाच राहतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होता. मशीन आलं तेव्हा मी त्याचा हात धरून आतला एकेक भाग दाखवला. दुसरं दाखवायला होतं कोण?"

"आणि या कॅसेटचं पुढे काय करणार होतात?"

टिपणीसांनी वाटी बाजूला सरकवली. "आवाज पुसून तिथे संतूर घालणार होतो. प्रत्येक वाक्याला खोकला. मला ऐकवत नव्हतं. तसं सगळ्यांना सांगितलंही होतं. आता तो गेल्यावर..."

कुंदाताई दारातच बोलल्या. "मी पट्ट्या चिकटवल्या तेवढ्याच. 'आवाज' वरच्या मोठीवर, 'चित्र' खालच्या लहानीवर. उलट्या झाल्या? मला कुणी सांगितलंच नाही. शुक्रवारी तर दिवसभर लाइट नव्हती, मी गच्चीच्या जिन्यात वाऱ्याला बसले होते."

उल्हासनगरला गोपच्या काउंटरवर स्क्रू नि वायरी विखुरलेल्या होत्या. बोलता बोलता त्याने एक कार्ड खोललं, स्क्रू तिथेच लोटून दिले.

"मॅडम, शुक्रवारी तिकडे लाइट नाय. मशीन चालू केल्याशिवाय मी काय बघणार? आणि चोरायचाच असता तर मोठावाला नेला असता. तो छोटा आज कोण घेतो?"

"मग कुंदाबाईच," बाहेर आल्यावर गुरुदत्त म्हणाला.

वृंदाताईंनी टिपणीसांना बोलावून घेतलं आणि तिघं हेमचंद्रच्या खोलीवर गेले.

खोलीत एक खाट, एक रेडिओ. हेमचंद्रने पावलं ओळखली. "या, शशिकांतराव. आणखी दोघं आहेत."

वृंदाताई स्टुलावर बसल्या. "चोराला पैसा नको होता, नाहीतर मोठी गेली असती. त्याला आवाजच हवा होता. पण वाचणाऱ्याने 'आवाज' लिहिलेली डिस्क नेली असती. कुंदाताईंना तर तीच खरी वाटत होती."

"गोपला पट्टीची गरज नाही," गुरुदत्त म्हणाला. "डिस्क त्यानेच बसवल्या."

"बरोबर. पण त्याला या आवाजाचं काय? शिवाय तो स्क्रू लोटून देतो. इथे ते वाटीत होते. हाताला पुन्हा सापडावेत अशी सवय असलेल्या माणसाने ठेवलेले. वीज नाही, खिडकी बंद, तरी कागदाला कुणी हात लावला नाही. ज्याला काळोखाची अडचण नाही, पट्टीचा उपयोग नाही, आणि खालची लहान डिस्क हाताने माहीत आहे, असा एकच जण."

हेमचंद्रने उशीखालून मफलरमध्ये गुंडाळलेली डिस्क काढली.

"तुम्हाला चित्र राहिलं असतं," तो टिपणीसांना म्हणाला. "मला काय राहिलं असतं?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही एकदा ठरवलंत की ऐकत नाही. ताईच म्हणायची."

"पण हे तू ऐकतोस कशावर?"

"ऐकत नाही. यातून काही ऐकू येत नाही, ठाऊक आहे मला. पुसलं जाणार नाही, एवढंच."

टिपणीसांनी डिस्क पुन्हा मफलरमध्ये गुंडाळली. "चप्पल घाल, हेमू."

संध्याकाळी कात्रपला डिस्क जागेवर बसली. मालिनीचा आवाज आला, मग खोकला. टिपणीसांचा हात आवाज कमी करायला पुढे गेला आणि तसाच खाली आला. त्यांनी स्क्रीनकडे पाठ फिरवली.

"आता काय करतेय ती?" हेमचंद्रने विचारलं.

टिपणीसांना वळावं लागलं.

"उशीला टेकलीय. बांगडी मनगटावरून घसरतेय, ती वर सरकवतेय. परत घसरली."

"आणि?"

"तुझं नाव घेताना हसतेय."

वृंदाताईंनी निघायची खूण केली. गुरुदत्त मात्र उंबऱ्यातच उभा राहिला. त्याला घरी जायची घाई नव्हती.