फरशी फसफसली नाही

फौजदार श्रद्धा मगदूम आत आल्या आणि मागं शटर पुन्हा खाली आलं. विट्याच्या त्या चांदी गाळण्याच्या कारखान्यात सकाळपासून तीन माणसं कोंडलेली होती. आता चार झाली.

"चांदी गावल्याबिगर उघडणार न्हाई," मालक लालासाहेब म्हणाले. "तुमी असला तरी."

काचेच्या टाकीत मधोमध भिंत होती. डावीकडं चांदी विरघळलेलं पाणी, उजवीकडं ॲसिड, दोन्हींवर तरंगणारा तेलाचा एकच थर. तेलानं डावीकडची चांदी उचलायची, ॲसिडनं ती तेलाकडून काढून घ्यायची. काल संध्याकाळी सुपरवायझर जयराजनं टाकी भरली. सकाळी सगळ्यांआधी कामगार सबीनानं कुलूप उघडलं. मालकांनी दोन्हीकडच्या पाण्यात मीठ टाकून पाहिलं. चांदी असती तर पांढरा साका धरला असता. धरला नाही. म्हणून चोर सबीना.

"झडती?"

"कवाच. पिंपात हात धुतले, कपडे झटकले, नखंबी खरवडली."

रोज सुटताना तेच होई. पिंपाच्या गाळातूनही चांदी निघते.

"चोरीचा ठपका लागला तर विट्यात मला कोण काम देणार, मॅडम?" सबीना म्हणाली.

"तेलाचा वास डोक्यात जातोय," जयराज दुसऱ्यांदा म्हणाला. टाकीतलं तेल त्यानं केव्हाच डब्यात काढलं होतं. "एवढा डबा ओतून येऊ द्या की."

श्रद्धाबाई रसायनशास्त्रात बी.एस्सी. होत्या. ती पदवी आजवर फक्त लग्नपत्रिकेत कामाला आली होती. त्यांनी उजव्या कप्प्यातला थेंब शहाबादी फरशीवर टाकला. थेंब नुसता पसरला.

"ॲसिडनं फरशी फसफसती," सबीना पुटपुटली.

"म्हणजे हे नळाचं पाणी."

त्यांनी बाटलीत डब्यातलं तेल आणि ताजं ॲसिड घालून हलवलं. ॲसिड खाली बसल्यावर ते वेगळं काढून त्यात चिमूटभर मीठ टाकलं. पांढराफटक साका धरला.

"तेलानं चांदी उचलली. पलीकडं ती काढून घ्यायला ॲसिडच नव्हतं. मग ती तेलातच अडकली, आपल्यासारखी. झडती माणसांची होते, टाकाऊ तेलाची नाही. टाकी कुणी भरली? डबा न्यायची घाई कुणाला?"

जयराज डब्याकडं बघत राहिला. "आवं मॅडम, भाव लय वाढलाय," एवढंच म्हणाला.

लालासाहेबांनी शटर वर केलं. श्रद्धाबाईंबरोबर जयराज वाकून निघणार, तेवढ्यात ते त्याला म्हणाले, "थांब. हात धुऊन जा."

सबीनानं सवयीनं तांब्या उचलला आणि पिंपावर त्याच्या हातावर पाणी ओतलं.