गिझर बाहेर, माणूस आत

या, जवळ सरका. आणि ज्याला अंघोळीला जायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन यावं. गोष्ट संपल्यावर "आजोबा, दाराशी उभे राहा ना" म्हणालात तर माझे गुडघे दुखत असतील, आधीच सांगून ठेवतो. काय रे चष्मेवाल्या, हसतोस? हस हस. दात आहेत तोवर हसून घ्यावं.

आमचा एक प्लंबर होता. होता कसला, आहे. पण आता पहिल्यासारखा बोलत नाही. गळत्या काढायचा म्हणून सगळे त्याला गळतीराव म्हणायचे. त्याची बायको म्हणायची, "काढतात कुठं? एक काढतात आणि जाताना दुसरी ठेवून येतात." जीभ म्हणजे करवतच बाईची. पण त्याचं पान हलायचं नाही तिच्यावाचून.

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण पठ्ठ्यानं तिला कुठं म्हणून नेलं नव्हतं. शेवटी एकदा ठरलं, तळ्याकाठी तंबू ठोकून एक रात्र राहायचं. बाईची अट एकच. "गरम पाण्यानं अंघोळ झाली पाहिजे. नाहीतर तुमचं तळं तुम्हाला लखलाभ, मी चालले घरी."

आता प्लंबरच्या बायकोला गरम पाणी नाही मिळालं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही. गळतीरावनं उचलून न्यायचा छोटा गॅस गिझर आणला, गॅसची बारकी टाकी, पाण्याच्या पिंपात सोडायचा बॅटरीवरचा पंप, चार हात पाइप, आणि अंघोळीचा उभा तंबू. एक माणूस जेमतेम मावेल एवढा. समोर चेन. ओढली की बंद.

त्याचा धंद्यातला एक नियम होता. तीस वर्षं गिऱ्हाइकांना बोट नाचवून सांगायचा, "गिझर बाहेर, माणूस आत! बंद जागेत गॅस जळला की हवेचं विष होतं. वास नाही, धूर नाही. माणूस उभ्याउभ्या झोपतो, तो उठतच नाही." यापायी दोन गिऱ्हाइकांशी भांडलासुद्धा होता.

तारीख चौदा नोव्हेंबर, वार गुरुवार. रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. काठावर दुसरं कुणी नाही. रस्ता लांब, वळणाच्या पलीकडे.

त्यानं पिंप भरलं. वीस लिटर. गिझर तंबूबाहेर एका खुंटीला टांगला. पंप चालू केला. टक, टक, टक... भप्! निळी ज्योत. बाई आत गेली, चेन ओढली. वर बारका दिवा. कापडावर तिची सावली.

"कसं आहे?" यानं छाती फुगवून विचारलं.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी धड केलंत."

एवढ्यात तळ्यावरून वारा आला. ज्योत गेली. आतून किंचाळी. "अहो! बर्फ ओतताय का अंगावर?"

यानं पेटवलं. वारा आला. विझलं. पुन्हा पेटवलं. पुन्हा विझलं. आडोसा म्हणून स्वतः उभा राहिला, तरी विझलं. वारा जसा काही वळसा घालून येत होता.

मग आतून आवाज आला. हळू. गोड.

"अहो... आत द्या ना ते."

गळतीराव थबकला. तीस वर्षांचा नियम.

"नको गं. आत नसतो ठेवायचा."

"दोनच मिनिटं. थंडी वाजतेय ना."

पोरांनो, इथं त्याला कळायला पाहिजे होतं. त्याच्या बायकोनं बावीस वर्षांत एकदाही वाक्याला 'ना' लावला नव्हता! पण बायको गोड बोलली की नवऱ्याची अक्कल चरायला जाते. त्याला वाटलं, दोन मिनिटांनी काय होतंय.

चेन खालून वीतभर उघडली. एक ओला हात बाहेर आला. यानं गिझर दिला. बोटाला बोट लागलं.

गार होतं.

पाणी गार झालंय, म्हणून... असं त्यानं मनाला सांगितलं.

चेन बंद झाली. टक, टक, टक... भप्. आत नारंगी उजेड.

"आता गरम?"

"हं."

तो दगडावर बसला. आत पाणी पडत होतं. कुणीतरी गुणगुणत होतं. लहान मुलाला थोपटताना गुणगुणतात तसं. त्याला बरं वाटलं. बाई खुशीत आहे...

पाच मिनिटं गेली. सहा. सात.

पायाशी काहीतरी घरघरलं. त्यानं खाली बघितलं.

पंप. पिंपात पाणीच नव्हतं. तळ कोरडा. पंप नुसती हवा ओढत होता.

आत मात्र... पाणी पडत होतं.

प्लंबरला सांगावं लागत नाही, पाणी कुठून येतं. ते कुठूनच येत नव्हतं.

"अगं..."

गुणगुणणं थांबलं.

"अगं ए!"

"दोनच मिनिटं."

आवाज जवळून आला. कापडाला तोंड लावल्यासारखा. आणि सावली... कापडावर सावली नव्हती.

त्यानं चेन ओढली. हलेना. पुन्हा ओढली. आतून कुणी धरल्यासारखी. त्यानं पाइप कापायची सुरी काढली आणि कापड वरपासून खालपर्यंत फाडलं.

आत ती एकटीच होती. खाली, गुडघे पोटाशी घेऊन. चेहरा लालबुंद. श्वास... त्याला कळेना. काखेत हात घालून त्यानं तिला गवतावर ओढलं. हलवलं. गालावर मारलं. हाका मारल्या. त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर सुचत नव्हतं.

मग ती खोकली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अजून दोन मिनिटं आत असती तर मला बोलवायचं कामच नव्हतं." गळतीराव भिंतीला टेकून खाली बसला.

पहाटे तिला नीट शुद्ध आली. नाकाला ऑक्सिजन, अंगावर दवाखान्याची चादर. तिनं नवऱ्याकडे टक लावून बघितलं.

"आत का आलात हो तुम्ही?"

"मी? मी कुठं आलो?"

"मग पाठ कुणी चोळली माझी? इतकी हळू... मला वाटलं, म्हातारपणी उपरती झाली तुम्हाला."

"तूच म्हणालीस ना, गिझर आत द्या म्हणून?"

"मी? पाणी गार झालं तेव्हा ओरडले तेवढंच. नंतर तोंडही उघडलं नाही. झोपच यायला लागली होती."



नर्स आत आली. "ही डोक्यावरची प्लॅस्टिकची टोपी काढते हं मावशी. रात्रीपासून तशीच आहे." केस भिजू नयेत म्हणून बाईनं तंबूत जाताना घातली होती, आत केसांचा अंबाडा. नर्सनं टोपी सोडवली. आणि हात तसाच राहिला.

"अय्या... या कुणी घातल्या?"

दोन वेण्या. घट्ट. शाळेत जाणाऱ्या पोरीला आई घालते तशा, वर दुमडून, कानामागे बांधलेल्या. टोकांना पांढऱ्या रिबिनीची फुलं.

बाईनं हात वर नेला. चाचपलं.

रिबिनी जुन्या होत्या. पिवळट. आणि त्यांतून अजून पाणी ठिबकत होतं...