जाळ्यावरच्या जोड्या

मुरुडला आमच्या लॉजच्या दारात एक फळा असायचा. पाहुण्यांसाठी त्यावर मी खडूने इंग्रजी लिहायचे — ‘वी आर प्राउड ऑफ अवर फिश करी’. मला इंग्रजी कुणी शिकवलं नव्हतं; पाहुणे खोलीत विसरून जायचे त्या पुस्तकांवर मी वाढले. त्या सकाळी सुरमईची पाटी उतरवून निकेत फळ्यासमोर थांबला. शर्टातून खारं पाणी निथळतंय, आणि डोळे फळ्यावर...

“हे ‘ऑफ’च कशावरून?”

“मासे द्यायला आलायस की माझी परीक्षा घ्यायला?”

“परीक्षा माझीच हाय. जहाजावरच्या नोकरीची. लेखी पेपरात ‘प्राउड’मागं ‘ऑफ’, असल्या जोड्यांनी दोनदा बुडवलं मला.”

कोळ्याचा मुलगा, आणि बुडालो म्हणतो! मला हसू आलं. ते त्याने पाहिलं... आणि शिकवणी ठरली.

वही उघडली की त्याला पेंग यायची. हात कामात असले तरच डोकं चालायचं. मग त्याने जाळं तरंगतं ठेवायला वरच्या दोरीला बांधलेल्या पांढऱ्या बोयांवर रंगाने शब्द लिहिले. एका बोयावर विशेषण, शेजारच्या बोयावर त्याच्यामागे येणारा चिमुकला शब्द. ‘अफ्रेड’शेजारी ‘ऑफ’, ‘गुड’शेजारी ‘ॲट’. समुद्रात जाळं ओढताना जोड्या हाताखालून जायच्या. संध्याकाळी वाळूत बसून मी तपासायचे. चुकलेला शब्द रॉकेलने पुसून नवा लिहायचे.

त्याचे वडील, काळूराम, वैतागायचे. “पोरी, जालं हाय का शालंची पाटी? पापलेट वाचतान नि परत जातान!”

निकेतला भलतेच प्रश्न. “‘मॅरीड’ला ‘विथ’ का नको? लग्न कुणाबरोबर तरीच होतं ना?”

“इंग्रजांना विचार.”

“तुला विचारतोय...”

मी ब्रश रंगात बुडवायचे — बराच वेळ.

परीक्षेआधीची शेवटची फेरी चार दिवसांची होती. परतला की थेट मुंबई. तीस जोड्या त्याने एकट्याने लिहिल्या, नि तो बर्फ आणायला गेला. मी तपासल्या. पाच चुकल्या होत्या.

चार दिवस त्याच चुका हाताखालून गेल्या, की पेपरातही त्याच उतरणार. पास झाला तर नऊ महिने जहाजावर. नापास झाला तर — रोज सकाळी माझ्या दारात. ब्रश हातात धरून मी बसून राहिले. डब्यातल्या रंगावर साय धरली. तेवढ्यात तो दिसला. खांद्यावर बर्फाची लादी, मानेवरून पाण्याचे ओघळ, आणि ओठ हलताहेत... जोड्या पाठ म्हणत येत होता वेडा.

पाचही बोये मी पुसले.

तो पास झाला. निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर मला राहवलं नाही. “पाच चुका तशाच सोडणार होते मी.”

“का गं?”

“तू जाऊ नयेस म्हणून.”

तो गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच थांबला. “मग पुसल्यास कशाला?”

“तू राहिला असतास रे. पण मला तुझ्याकडे सरळ बघता आलं नसतं. आणि मला तुझ्याकडे बघायला... आवडतं.”

खिडकीतल्या दोन बायका खुदकन हसल्या. कंडक्टर ओरडला, “दादा, आत तरी या, नाहीतर खाली तरी उतरा!”

“बापसाला धाडू तुमच्याकडं? मागणी घालायला?” निकेतने सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं विचारलं.

“ते मला शाळेच्या पाटीवरून बोलतील. तूच ये. नऊ महिन्यांनी.”

“आणि तोवर?”

“तोवर पत्रं लिही. मराठीत. तुझं इंग्रजी तपासायला मला आता वेळ नाही.”

तो आठव्याच महिन्यात आला. जहाजावरच्या साहेबाला अर्ज लिहून त्याने एक महिना आधी सुट्टी मिळवली होती. अर्ज इंग्रजीत होता, आणि त्यात एकही चूक नव्हती म्हणे. लग्नाला सतरा वर्षं झाली; तो अर्ज त्याने मला अजून दाखवलेला नाही.