बंद केलेलं चाक

आधी मोजणी सांगते. म्हणजे नंतर कुणी "तुझंच काहीतरी चुकलं असेल" म्हणायला नको.

भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक. त्यावर बोल्टने घट्ट बसवलेले, हत्यारांना धार लावायचे पाच ग्राइंडर. प्रत्येकाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशी दहा चाकं. पाच वायरी, पाच प्लग. पाचही प्लग सॉकेटमधून काढून बाकावर ठेवलेले.

वीज तर सकाळपासूनच गेलेली.

तरीही... एक चाक फिरत होतं.

हे आमच्या घरात घडलं, माझ्या डोळ्यांसमोर. अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती. भर दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि मी बाबांना चहाला बोलवायला गेले होते. अंधार असता तर निदान अंधारावर ढकलता आलं असतं. तेवढीही सोय नाही.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. मला भुतांची भीती वाटत नाही. उत्तर सापडलं नाही की माझं डोकं फिरतं, आणि या प्रकरणात ते गेले कित्येक महिने फिरलेलंच आहे.

घरामागच्या मोठ्या खोलीत बाबांचं आणि काकाचं वर्कशॉप होतं. बाबा लेथवर लाकूड कातायचे. खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे. लाकूड गुळगुळीत झालं की नाही, हे ते डोळ्यांनी बघायचेच नाहीत. उजव्या हाताची तर्जनी फिरवायची आणि सांगायचं, "अजून एक हात मार." त्या बोटावर आमचं घर चालायचं, म्हटलं तरी चालेल.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तो हत्यारांना धार लावायचा. पटाशा, कात्र्या, सुऱ्या.

एका माणसाला पाच ग्राइंडर कशाला? हा प्रश्न आई रोज विचारायची.

"चाक बदलायचं नसतं वहिनी, मशीन बदलायचं," काका म्हणायचा. "खरखरीत चाक वेगळं, बारीक वेगळं, पॉलिशचं वेगळं. सारखं काढ-घाल केलं की चाकाला तडा जातो."

"लग्नाला हो म्हणायला वेळ नाही, आणि पाच-पाच आणून बसवलीत घरात."

"ही बोलत नाहीत ना!"

"बोलत नाहीत? किंचाळतात!"

काकाच्या उजव्या तर्जनीचं टोक नव्हतं. ती गोष्ट मी जन्मायच्या आधीची, आईकडून ऐकलेली.

ग्राइंडरचा स्विच बंद केला तरी चाक लगेच थांबत नाही. मोटारचा आवाज जातो, पण चाक मिनिटभर नुसतं फिरत राहतं. आणि चांगलं तोललेलं चाक फिरताना अगदी स्थिर दिसतं. त्या दिवशी बाकावरच्या तिसऱ्या ग्राइंडरवर बाबा काम करत होते. चाकासमोर हत्यार टेकवायला एक पट्टी असते, ती सैल झाली होती. काका ती सरकवायला वाकला.

"दादा, बंद केलंस?"

"बंद केलंय."

बाबा खोटं बोलले नव्हते. स्विच खरंच बंद होता.

काकाने बोट पुढे केलं.

त्यावरून दोघांत एका शब्दाचंही भांडण झालं नाही म्हणे. काकाने तो विषय थट्टेवारीच नेला. मी शाळेत व्हर्नियर कॅलिपर शिकले, तेव्हा त्याने तेच बोट माझ्यापुढे धरलं.

"मोज. तळव्याजवळच्या घडीपासून टोकापर्यंत. तीनदा मोजायचं, मांस दाबायचं नाही."

तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. अडुसष्ट पूर्णांक चार मिलिमीटर.

"पास! आजपासून तुझं नाव व्हर्नियर."

मग तो खेळच झाला. मी वर्कशॉपच्या दारात आले की काका बोट वर करून ओरडायचा, "ए व्हर्नियर, किती?" आणि मी ओरडायचे, "अडुसष्ट पूर्णांक चार!" बाबा अशा वेळी लेथकडे तोंड करून उभे असायचे. त्या नावाने मला काकाशिवाय कुणीही हाक मारली नाही.

त्याची आणखी एक सवय सांगायला हवी. कात्री आली की तो तिचा स्क्रू काढून दोन्ही पाती शेजारी ठेवायचा. एक पातं जास्त झिजलेलं असलं की दुसरंही तेवढंच घासायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं, की म्हणायचा, "एक झिजलं की दुसरंही तेवढंच उतरवायचं. नाहीतर जोडी कसली?"

मागच्या वर्षी काका गेला. वर्कशॉपमध्ये नाही, अपघाताने नाही. झोपेत, शांतपणे. त्यातही काही गूढ शोधायला गेलं तर हाताला लागत नाही.

बाबांनी पाचही ग्राइंडरचे प्लग काढून ठेवले. आपल्या पटाशांना ते हातानेच, दगडावर धार लावू लागले.

पहिली खूण इतकी फुटकळ होती, की आम्ही हसलो. बाबांचा फोन त्यांच्या बोटाने उघडेना.

"तूच काहीतरी करून ठेवलंयस याला," बाबा माझ्यावर खेकसले.

मी ठसा पुसून नव्याने घ्यायला लावला. घेईना. दुकानात नेला. दुकानदाराने स्वतःचं बोट लावलं, लगेच घेतलं. मग त्याने बाबांचं बोट उजेडात धरलं.

"साहेब, फोन ठणठणीत आहे. तुमच्या बोटावर ठसाच नाहीये."

"लाकडाचं काम आहे. झिजतं."

झिजतं, मान्य. पण मग दहाही बोटं झिजायला हवीत. नऊ बोटांवर रेषा स्पष्ट होत्या. फक्त उजवी तर्जनी... पॉलिश केल्यासारखी.

त्यानंतर आली ती दुपार.

बाबा लेथजवळच्या खुर्चीत बसल्या-बसल्या झोपले होते. माझ्या हातात विजेचं बिल होतं. मी बाकाला टेकायला गेले आणि कागदाचा कोपरा तिसऱ्या ग्राइंडरच्या चाकाला लागला.

स्स्स्स...

कोपरा नाहीसा झाला.

मी चाकाकडे पाहिलं. अगदी स्थिर. करड्या रंगाचं, गप्प. मी कागद पुन्हा हळूच टेकवला.

स्स्स्स...

आणखी बोटभर कागद गेला. प्लग बाकावर पडलेला मला दिसत होता. मी सरळ शंभरपर्यंत मोजलं आणि पुन्हा कागद लावला. चाकाचा वेग जराही कमी झाला नव्हता.

तेवढ्यात बाबा झोपेत पुटपुटले.

"बंद केलंय..."

मी वळले. त्यांचा उजवा हात खुर्चीबाहेर आला होता. चार बोटं मिटलेली. तर्जनी ताठ... चाकाच्या दिशेने.

"बाबा!"

ते दचकून उठले. मी परत कागद लावला, तर चाक थांबलेलं. एका क्षणात! फिरणारी इतकी जड वस्तू अशी थांबूच शकत नाही. कागद तेवढा माझ्या हातात उरला होता, अर्धा.

"बिलाचं काय केलंस हे?" बाबांनी विचारलं.

त्या संध्याकाळी मी कॅलिपर काढला. डावी तर्जनी त्र्याहत्तर पूर्णांक दोन. उजवी एकाहत्तर पूर्णांक सहा.

"माणसाचे दोन्ही हात सारखे नसतात," बाबा म्हणाले.

बरोबरच होतं ते. एका मापावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून आठवड्याने पुन्हा मोजलं. डावी तेवढीच होती.

उजवी सत्तर पूर्णांक एक.

जखम नाही, रक्त नाही, वेदना नाहीत. नखसुद्धा जागच्या जागी, फक्त किंचित लहान. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. हाड निरोगी आहे म्हणाल्या, मोडल्या-झिजल्याची खूण नाही. "जन्मापासूनच एवढं असेल."

"अहो, इतकी वर्षं याच हाताच्या माणसाबरोबर संसार केलाय मी," आई म्हणाली. "मला नका सांगू!"

"साखर तपासून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साखर तपासली. तीही व्यवस्थित निघाली.

आता तुम्ही म्हणाल, जुने फोटो होते की. होते. एकाही फोटोत ते बोट सरळ आणि मापता येईल असं दिसत नाही. कुठे खिशात, कुठे मुठीत. माणूस आयुष्यभर आपलं एक बोट का लपवेल? मी विचारलं, तर बाबा उठून गेले.

पण लाकूड खोटं बोलत नव्हतं. बाबांनी कातलेले खुर्चीचे पाय परत येऊ लागले. खडबडीत आहेत, अशी तक्रार. बाबा त्यावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "गुळगुळीत तर आहे." त्यांना काहीच जाणवत नव्हतं. एकदा पाहिलं, तर ते एकच दांडा कितीतरी वेळ चाचपत बसले होते, हरवलेली वस्तू शोधावी तसे.

आईचा धीर सुटला. "उद्याच्या उद्या ती धुडं बाहेर काढा."

"त्याची आहेत ती," बाबा म्हणाले.

"भाऊजी गेले! आता तुमचा हात गेल्यावर काय करायचं?"

"मी स्विच बंद केला होता," बाबा म्हणाले.

आम्ही त्यांना ते विचारलंच नव्हतं.

शेवटी बाबा बाहेर गेलेले पाहून आम्ही भंगारवाल्याला बोलावलं. त्याने टेम्पो दारात लावला.

"ताई, चालू माल आहे हा. भंगारात कशाला घालताय?"

"तुम्ही न्या हो आधी," आई म्हणाली. "प्रश्न रस्त्यात विचारा."

त्याने बोल्ट काढले. पहिला, दुसरा नेला. तिसरा उचलला आणि एकदम बाकावर परत ठेवला.

"हा गरम कसा काय?"

मी हात लावून पाहिला. खरंच, तासभर काम केलेल्या मशीनसारखा गरम होता. बाकीचे चार थंडगार.

पाचही गेले. बाकावर उरली बोल्टची वीस भोकं. आईने खोली दोनदा झाडली, दोनदा पुसली. बाबा परत आले, दारात उभं राहून रिकाम्या बाकाकडे त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील.

"बरं केलंत," ते एवढंच म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

मी खूश झाले. वस्तू काढली की परिणाम थांबायला हवा, इतका साधा प्रयोग. पुढचे काही दिवस मी मुद्दामच मोजलं नाही. उगीच कशाला, म्हटलं.

मग एका दुपारी आई स्वयंपाकघरातून आली. हात ओलेच होते.

"तू काही घासतेयस का?"

"नाही."

"मग हे काय वाजतंय?"

आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. नळ बंद. पंखा बंद. रस्त्यावरही कुणी नाही. आणि बाबांच्या खोलीतून, अगदी बारीक...

स्स्स्स...

मोटारचा आवाज नाही. फक्त तेवढंच. मध्येच थांबायचं, जणू कुणी माप बघतंय. पुन्हा सुरू व्हायचं.

मी दार ढकललं. आवाज तुटला.

बाबा पलंगावर झोपले होते. उजवा हात उशीजवळ. चादरीवर, बोटाच्या टोकाशी, करड्या पिठासारख्या भुकटीची लहानशी रास होती. मी चुंबक आणून त्यात फिरवलं. लोखंडाचा एक कणही चिकटला नाही. ती भुकटी अजून बाटलीत माझ्या टेबलावर आहे. दोन प्रयोगशाळांना विचारलं. दोन्हीकडून उत्तर आलं, की नमुना कशाचा आहे ते आधी कळवा. ते माहीत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?

बाबा जागे झाले. चादरीकडे त्यांनी पाहिलं नाही. मी कॅलिपर आणायच्या आतच त्यांनी हात टेबलावर ठेवला. चार बोटं मिटलेली, तर्जनी ताठ.

"मोज, व्हर्नियर," ते म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं.

मी घडीपासून टोकापर्यंत मोजलं. मांस दाबलं नाही. तीनदा मोजलं.

तिन्ही वेळा अडुसष्ट पूर्णांक चार मिलिमीटर.