वीतभर मुरूम

चैत्र सरत आला होता. करंजकोटाच्या तटावर पहाटेचा उजेड पडला तेव्हा खंदकापलीकडं दिल्लीच्या फौजेचे तंबू, तंबूंवर लोंबकळणारा शेणकुटांचा धूर आणि त्याच्याही मागं भेगाळून पडलेलं काळं रान, एवढंच काय ते नजरेला येत होतं. ज्या टेकडीवरच्या तलावाचं पाणी कोसभर जमिनीखालून, मातीच्या खापरी नळातून किल्ल्यात येई, ती टेकडी आता शत्रूच्या छावणीच्या मधोमध होती, आणि तो नळ वेढ्याच्या पहिल्याच आठवड्यात फोडला गेला होता. भुईकोट किल्ला हा. उंची नाही, कडा नाही, आडोसा नाही. नऊशे माणसं, एक जाड तट आणि पाच विहिरी. वेढ्याचा आज एकेचाळिसावा दिवस.

आणि गोंदाजी बेलदार पाचव्या विहिरीच्या काठावर पोटावर पडून हातातल्या दोरीकडं बघत होता.

गोंदाजी किल्ल्याचा पाण्याचा दारोगा. बाप विहिरी खणणारा, आजा विहिरी खणणारा. वर आलेली मूठभर माती चोळून हा सांगायचा, खाली मुरूम किती, खडक किती आणि पाणी कुठल्या थरातून चालतंय. खापरी नळ त्यानंच बांधला होता. तो गेल्यापासून एकच काम उरलं होतं: रोज पहाटे शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाचही विहिरींत सोडायची, आणि पाणी किती बोटं उतरलं ते किल्लेदाराला सांगायचं. चार विहिरी शहाण्यासारख्या वागत होत्या, तीन दिवसांत एक बोट. हत्ती बुरुजाजवळची ही पाचवी मात्र दिवसाला चार बोटं उतरत होती. हिचा रहाट तर आठ दिवसांपूर्वीच काढून ठेवलेला!

"काय पाणाड्या, चोर सापडला का?"

मागं हैबती नाईक उभा होता. हत्ती बुरुजाच्या पहाऱ्याचा नाईक, पन्नाशीचा, एका लढाईत अर्धा कान गेलेला.

"काल सबनीस पंतांनी दोघांना फटके दिले पाणी चोरलं म्हणून," हैबती म्हणाला. "त्यातला एक म्हणतो, मारायचंच असेल तर आधी प्यायला तरी द्या, म्हणजे मार फुकट जाणार नाही."

गोंदाजी हसला नाही. "नाईक, दिवसाला चार बोटं म्हणजे एवढ्या मोठ्या विहिरीतून किती घागरी झाल्या? ते चोरायला फौज लागेल. पाणी वरून जात नाहीये. खालून जातंय. मला खाली सोडा."

पायऱ्या निसरड्या, म्हणून हैबतीनं त्याला दोरावर खाली सोडलं. पायऱ्या संपतात तिथं, पाण्याच्या वर हातभर, काळ्या खडकाखाली पिवळट मुरमाचा थर लागत होता. गोंदाजीनं त्या थराला कान लावला आणि श्वास धरला.

ठक. ठक. टिक.

ठक. ठक. टिक.

दोन घाव जोरात, तिसरा हलका. त्याच्या अंगावर काटा आला, आणि तो शत्रूच्या भीतीनं आला नव्हता. तिसरा घाव हलका टाकायचा आणि ऐकायचं, पुढं खडक आहे, पोकळी आहे की पाणी, ही रीत एकाच गावची. सावरदऱ्याची. त्याच्या बापानं ती त्याला शिकवली होती, आणि त्यानं धाकट्या भावाला, खेमाला.

* * *

किल्लेदार सिद्दी मर्जान बुरुजाच्या सावलीत सतरंजीवर बसला होता. दाढी पांढरी, आवाज शांत. शेजारी त्रिंबकपंत सबनीस. चाळीस दिवसांत पंतांचं अंग निम्मं झालं होतं. स्वतःच्या वाट्याचं पाणी ते दवाखान्यातल्या जखमींना देत, हे सगळ्या किल्ल्याला ठाऊक होतं.

"हुजूर, शत्रू सुरुंग खणतोय," गोंदाजी म्हणाला. "हत्ती बुरुजाच्या पायापर्यंत पोचलाय. मऊ मुरमाच्या थरातनं आले, आणि त्याच थरातनं विहिरीच्या पाण्याची शीर चालते. ती त्यांच्या सुरुंगात फुटलीय. आपलं पाणी ते तिकडं उपसून टाकतायत."

"खात्री कशावरून?"

इथं गोंदाजीला गप्प बसता आलं असतं. आवाज ऐकला, एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. पण त्याला खोटं कधी जमलं नाही.

"हुजूर, खणणारी माणसं माझ्या गावची आहेत. वेठीला धरून आणली असणार. घाव ओळखला मी. माझा भाऊही असेल त्यात."

मग पंत हळूच म्हणाले, "ज्याचा भाऊ तिकडं, त्याच्याच हाती इकडचं पाणी. हुजूर, गोंदाजीवर माझा राग नाही. पण या वेढ्यात आपण याहून लहान संशयावरून माणसं तोफेच्या तोंडी दिली आहेत."

"पंत, मी फितूर असतो तर सांगायला कशाला आलो असतो?"

"आम्ही नको तिथं बघावं म्हणूनही सांगितलं असेल."

सिद्दी मर्जानानं हात वर केला. "इलाज सांग, गोंदाजी."

गोंदाजीनं तिथंच धुळीत बोटानं आकृती काढली. विहिरीच्या शेवटच्या पायरीवरून तिरकं भोक पाडत न्यायचं, त्यांच्या छतापर्यंत. शेवटी वीतभर मुरूम ठेवायचा. पाणी आणि भोक यांच्यामधला बांध कापला की विहीर भोकात उतरेल; मग वरून लांब पहार मारून ती वीत फोडायची. दोन घटकांत सुरुंग तुडुंब होईल. बारूद आली असेल ती भिजेल, नसेल आली तर पुन्हा आणता येणार नाही.

"आणि विहीर?"

"विहीर जाईल, हुजूर. चारांवर भागवावं लागेल." तो घुटमळला. "एक अर्ज आहे. खालचा आवाज थांबेपर्यंत थांबावं. खणणं संपलं की माणसं बाहेर काढतील, मगच बारूद आत येईल. तेव्हा पाणी सोडलं तर सुरुंगही बुडेल आणि..."

"आवाज थांबल्यापासून बत्ती लागेपर्यंत वेळ किती?"

"अर्धा दिवस." मग त्यानं मान खाली घातली. "सांगता येत नाही. एखादा प्रहरसुद्धा."

"बुरुजाला टेकून दोनशे बायकापोरं बसली आहेत, तोफांपासून त्यांना दुसरा आडोसा नाही. एका प्रहराच्या भरवशावर मी ती ठेवू?"

म्हातारा बरोबर बोलत होता, हेच तर वाईट होतं.

"भोक तयार होताच पाणी सुटेल," सिद्दी म्हणाला. "आणि पहार तू मारशील. दुसरं कुणी नाही. हैबती नाईक नंगी समशेर घेऊन तुझ्या पाठीशी उभा राहील. खाली इशारा गेला, तर नाईक, तुम्हाला मला विचारायची गरज नाही."

* * *

तीन दिवस गोंदाजी आणि चार माणसं त्या भोकात खणत होती. आपला आवाज खाली जाऊ नये म्हणून गोंदाजीनं एकच युक्ती ठेवली: खालचा जोराचा घाव पडेल त्याच क्षणी आपला घाव टाकायचा. तिसऱ्या हलक्या घावाला हात थांबवायचा, कारण तेव्हा खालचा माणूस कान देऊन असतो. तीन दिवस तो असा खालच्यांच्या तालावर खणत राहिला. मधेच त्याला वाटे, हा घाव खेमाचा. खेमा डावखुरा, त्याचा दुसरा घाव जरा लवकर पडे.

"इतकं मन लावून तर कुणी स्वतःची विहीर खणत नाही," हैबती म्हणाला.

"नाईक, तुम्ही गप्प राहिलात तर लवकर संपेल."

"मला घाई नाही बाबा. इथं गार आहे. वर सूर्य आणि पंत दोघंही तापलेत."

चौथ्या दिवशी भर दुपारी गोंदाजीनं भोकाच्या तळाला हाताची वीत लावून पाहिली. पोचलो. चारांतली दोन माणसं वर पाठवली. बांध कापायला उरलेली दोघं पायरीवर राहिली, आणि भोकाच्या तोंडाशी हैबती, हातात समशेर.

गोंदाजीनं पहार उचलली, तळाशी टेकवली, आणि तीन ठोके भराभर आणि एक सावकाश, असे ठोके दिले. विहीर खणताना अचानक शीर फुटली की बेलदार असा ठोका देतात. पाणी आलं, निघा.

खालचा आवाज थांबला.

समशेरीचं टोक त्याच्या पाठीला लागलं. "तो घाव नव्हता," हैबती म्हणाला.

"नव्हता."

"काय होतं?"

"पाणी आलं, निघा. भाऊ आहे खाली, नाईक."

समशेर मागं आली नाही, पुढंही गेली नाही. "माझी बायको आणि दोन पोरी त्याच बुरुजाला पाठ लावून बसल्यात," हैबती शेवटी म्हणाला. "माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"त्यांचा मुकादम शहाणा असेल तर आत्ता बारुदीकडं पळत सुटला असेल. किती वेळ मागतोस?"

"शंभर आकडे."

"वेड लागलंय तुला. पन्नास."

"नाईक, वाकून चालावं लागतं त्यांना, साठ-सत्तर हात लांब..."

"पन्नास. आणि तोंडानं मोज. मला ऐकू येऊ दे."

गोंदाजी मोजायला लागला. एक, दोन, तीन. खाली काहीतरी खळखळलं, कुणीतरी ओरडलं. नऊ, दहा, अकरा. आणि बाराला घाव पुन्हा सुरू झाले. आधीपेक्षा मोठे, घाईचे, एकावर एक.

"गेले नाहीत की!" हैबती कुजबुजला. "परत कामाला लागले. मुकादमानं चाबूक काढला असेल."

गोंदाजीलाही तेच वाटलं. वीस. एकवीस. घाव जवळ आल्यासारखे वाटत होते, पण भोकात आवाज असाच फसवतो. निघ ना रे खेमा. तीस. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तरी त्यानं मोजणं सोडलं नाही, सोडलं असतं तर हैबतीनं स्वतः बांध कापला असता. चाळीस. घाव चालूच. पंचेचाळीस. सत्तेचाळीसला त्याचा आवाज गेला. पुढचे तीन हैबतीनं मोजले.

"सोडा."

पायरीवरच्यांनी बांध कापला. गढूळ पाणी भोकात कोसळलं आणि भरून आलं. गोंदाजी छातीपर्यंत पाण्यात उभा राहिला, दोन्ही हातांनी लांब पहार उचलली, आणि सगळ्या अंगाचा भार टाकून खाली मारली. एकदा. दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी पहारीच्या टोकाला खालून लोखंड लागल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा ती हातातून सुटून गेली, आणि पाणी त्याला पायांकडून खाली ओढायला लागलं. हैबतीनं त्याच्या पागोट्याचा पदर आणि केस दोन्ही धरले आणि त्याला वर खेचला.

विहिरीचं पाणी गरगर फिरत खाली बसत गेलं. थोड्या वेळानं खंदकापलीकडून आरडाओरडा ऐकू आला, आणि शत्रूच्या मोर्च्यातून लोक पळताना तटावरच्यांनी पाहिले. तटावर जल्लोष झाला. शिंगं वाजली.

* * *

पाणी घोड्यांनाही लागतं. सुरुंग बुडाल्यावर नवा खणायला शत्रूला पुन्हा तितकाच काळ तिथं बसावं लागणार होतं, आणि टेकडीवरचा तलाव तोवर तळाला गेला होता. बाराव्या दिवशी छावणी उठली. किल्ल्यात वीस माणसं तहानेनं मेली होती. त्रिंबकपंत त्यातले एक. प्राण जायच्या आदल्या दिवशी त्यांनी गोंदाजीला बोलावून घेतलं. "मी चुकलो," एवढंच म्हणाले. गोंदाजीला त्यांच्याकडं बघवलं नाही, कारण पंत पुरते चुकले नव्हते.

सिद्दी मर्जानानं भर दरबारात त्याला पोशाख दिला, सावरदऱ्यात इनाम जमीन दिली, आणि स्वतः उठून त्याच्या खांद्यावर शेला घातला. इशाऱ्याचं हैबतीनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मग गोंदाजी आणि हैबती सुरुंगात उतरले. पाणी ओसरलं होतं, चिखल गुडघाभर. वास असा होता की मशालही नीट जळेना.

नऊ माणसं होती. नऊ जणांचे पाय एकाच साखळीत, आणि साखळीचं टोक भिंतीत ठोकलेल्या कडीत. सुरुंगाच्या तोंडाकडं कुणी गेलंच नव्हतं. जाणारच कसे? सगळे एकाच जागी, भोकाच्या बरोबर खाली, एकमेकांवर पडले होते. आणि छताला, जिथून पहार आत आली होती, त्याच्याभोवती ताज्या घावांचा खोल खड्डा होता. वरच्या दिशेनं. इशारा त्यांना कळला होता. वर आपला माणूस आहे हे कळलं होतं. मागं जाता येत नव्हतं म्हणून ते त्याच्याकडं यायला निघाले होते.

खेमा सगळ्यांत वर होता. छिन्नी मुठीत.

हैबती चिखलातच खाली बसला. "गोंदाजी," तो म्हणाला. आजवर त्यानं त्याला नावानं हाक मारली नव्हती. "मला कुठं ठाऊक होतं?"

"मला ठाऊक व्हायला हवं होतं. हलका घाव नव्हता त्या शेवटच्या घावांत. खणून कुठं जायचंय हे माहीत असलं की बेलदार तो टाकत नाही."

साखळी तोडायला संध्याकाळ झाली.

* * *

लिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली नऊ मढी दोन गाड्यांवर घालून गोंदाजी सावरदऱ्याला आला. गाव वेशीवर उभं होतं. बायकांचा आकांत उठला, बसला, पुन्हा उठला. त्याचा बाप भिवा बेलदार मात्र रडला नाही. त्यानं पोराला गाडीजवळ उभं करून सगळं विचारून घेतलं, विहीर खणायच्या आधी विचारतात तसं.

"मधे किती राहिलं होतं?"

"एक वीत, आबा."

"खडक का मुरूम?"

"मुरूम."

"वेळ किती दिलास?"

"पन्नास आकडे. शंभर मागितले होते मी."

मग गावाबाहेरच्या माळावर, जिथं बेलदार आपली माणसं पुरतात, तिथं म्हातारा सगळ्यांना घेऊन गेला. टाचेनं जमीन उकरून पाहिली. पिवळा मुरूम लागला. त्यानं छिन्नी आणि हातोडा गोंदाजीच्या हातात दिला.

"वीतभर खण," तो म्हणाला. "आणि तोंडानं मोज. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

गोंदाजी गुडघ्यावर बसला. गाव गोल करून उभं राहिलं, खेमाची बायको पुढं. एक. दोन. तीन. त्यानं अंग चोरलं नाही, हात ढिला सोडला नाही. पन्नासला कुणाच्या तरी तोंडून हुंदका फुटला. तो थांबला नाही. साठ. सत्तर. आकडे मोजताना त्याचा घसा सुकला, तरी कुणी त्याला पाणी दिलं नाही.

ब्याऐंशीला वीत पुरी झाली.

भिवानं वाकून खड्ड्यात स्वतःची वीत घालून पाहिली, उठला, आणि हाताची माती झटकली.

"आता बाकीचं खण," तो म्हणाला. "नऊ खड्डे काढायचेत."