पाठीशी

माझं काम सोप्या शब्दांत सांगायचं तर असं. दात्याच्या शरीरातून काढलेली फुप्फुसं बर्फातून आमच्याकडे येतात, आणि दुसऱ्याच्या छातीत बसेपर्यंत मी ती यंत्रावर सांभाळते. पारदर्शक झाकणाखाली ठेवायची, त्यांच्या रक्तवाहिन्यांमधून द्रव फिरवायचा, तो हळूहळू अंगाइतका कोमट करायचा आणि मग श्वास सुरू करायचा. नीट फुलली तर शस्त्रक्रिया. नाही फुलली तर सगळे गुपचूप आपापल्या घरी.

माझी वहिनी या यंत्राला कुकर म्हणायची.

त्या सकाळी आलेली फुप्फुसं वहिनीसाठीच होती. खरं तर घरच्या माणसाच्या वेळी मी तिथे असायला नको होतं. पण यंत्र चालवणारा दुसरा सहकारी रजेवर दूर गेला होता, आणि फुप्फुसं कुणासाठी थांबत नाहीत.

"जमेल?" सर्जननी विचारलं.

"न जमून कसं चालेल, सर?"

वहिनी लहान मुलांना पोहायला शिकवायची. पाण्याखाली इतकी रमायची की काठावर उभ्या असलेल्या दादाचाच जीव वरखाली व्हायचा. मग फुप्फुसं आक्रसत गेली, वाळलेल्या स्पंजसारखी. शेवटी शेवटी केस विंचरतानाही मध्ये बसावं लागायचं. आता ती अतिदक्षता विभागात होती. मानेतल्या नळ्यांतून रक्त बाहेर नेऊन त्यात प्राणवायू मिसळला जात होता, आणि हेही फार दिवस चालणार नव्हतं. दादाला ते सांगितलं होतं. तेव्हापासून तो बाहेरच्या बाकावर बसलाच नाही. बाकाशेजारी उभा होता.

फुप्फुसं चांगली होती. कुठे डाग नाही, जखम नाही. मी ती झाकणाखाली ठेवली, नळ्या जोडल्या आणि पंप सुरू केला.

तापमान चढेना.

द्रव गरम होऊन आत जात होता आणि गार होऊन बाहेर येत होता. मी हीटर तपासला. तापमापक बदलला. नवाही तेच दाखवत होता. शेवटी झाकण उचलून हात लावला. हातमोज्यातूनही बोटं बधिर झाली. अशा थंड फुप्फुसांना श्वास देता येत नाही, फाटतात.

"एसी बंद आहे ना?" सर्जन म्हणाले.

"केव्हाच. मला घाम फुटलाय, सर."

झाकणावर बाहेरून दव धरलं होतं. थंड पाण्याच्या ग्लासावर धरतं तसं. सर्जननी त्यावरून बोट फिरवलं आणि ओल्या बोटाकडे बघत राहिले.

"अगं, एवढी उष्णता जाते कुठे?"

मी हीटर पुन्हा तपासला. थोड्या वेळाने तेच हळू आवाजात म्हणाले, "अजून तासभर बघू. नाही तर सोडून द्यावं लागेल."

तेवढ्यात फोन वाजला. अतिदक्षता विभागातली नर्स होती. "तुमच्या वहिनींना एकाएकी ताप भरलाय. कारण सापडत नाही. तुम्हालाच बोलवा म्हणतायत, दुसरं काही ऐकतच नाहीत."

ताप म्हणजे शस्त्रक्रिया नाही. दोन्हीकडून दारं लागत चालली होती. सर्जन यंत्रापाशी थांबले आणि मी पळाले.

"काय झालं?" दादाने वाटेत अडवलं.

"काही नाही. येते मी."

"आरशात बघ एकदा. काही नाही म्हणे!"

वहिनीचे गाल लालबुंद झाले होते. मला बघून हसण्याचा प्रयत्न केला तिने.

"लागला का गं कुकर?"

"लागतोय."

"खोटारडी." तिने दम घेतला. "ऐक. माझ्या पाठीशी कुणीतरी बसलंय."

"गादी आहे, वहिनी."

"गादी कुडकुडते का?"

मी तिच्या उशाशी वाकले.

"पाठीला पाठ लावून बसलंय. गारठलंय बिचारं. ऊब मागतंय." एकेका शब्दाला तिला श्वास कमी पडत होता. "मी घट्ट धरून ठेवलीये. मला भीती वाटते. देऊ का गं?"

तापात माणसं बरळतात. नर्सने नजर वळवली होती, ती त्यासाठीच. मीही एरवी कपाळावर हात ठेवून 'झोप आता' म्हटलं असतं. पण माझी बोटं अजून बधिर होती. काचेच्या दारापलीकडे दादा उभा होता, दोन्ही हातांनी तिची ओढणी धरून.

"दे," मी म्हटलं.

"किती?"

"मागेल तेवढी. सगळी दे, वहिनी. पण दे."

तिने डोळे मिटले. खांदे सैल सोडले. ओठ हलले, पण बोलली ती माझ्याशी नाही.

नर्स मॉनिटरकडे वळली.

"उतरतोय," ती पुटपुटली.

माझा फोन वाजला. सर्जन. "ये लवकर. चढतंय!"

मी पोचले तेव्हा दव गेलं होतं. फुप्फुसं गुलाबी दिसत होती. मी श्वास सुरू केला. फुलली. मिटली. पुन्हा फुलली. सर्जन लहान मुलासारखे हसले. वहिनीच्या तपासण्या पुन्हा केल्या, त्यात काही निघालं नाही. आधी काय बिघडलं होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. दादा माझ्या गळ्यात पडून रडला.

वहिनी घरी आली. आधी खोलीतल्या खोलीत चालली, मग जिना चढली, मग माझी थट्टा करायला लागली. संसर्ग नको म्हणून दादा बाहेरच्या खोलीत झोपायचा. मी सुट्टी काढून राहायला गेले होते. एका सकाळी तिची चादर बदलायला गेले, तर ती नुकती जागी होत होती. पलंगाच्या अगदी काठावर, कुशीवर, भिंतीकडे पाठ करून.

"एवढा पलंग आणि अशी काठावर काय झोपतेस? पडशील."

"नाही पडत," ती म्हणाली. हसली आणि आंघोळीला गेली.

उशीवर तिच्या डोक्याचा खळगा तसाच होता. ती झोपली होती तिथे मी सहज हात ठेवला. चादर गार होती, फरशीसारखी.

भिंतीकडचं टोक सोडवायला मी वाकले आणि दुसरा हात पलीकडे टेकवला. तिथे चादरीला एक सुरकुतीही नव्हती.

ती बाजू उबदार होती.