लाल बंबाचा आखडलेला ब्रेक

तिसऱ्यांदा तेच झालं. आजोबा चालवत असलेला आगीचा जुना लाल बंब भर रस्त्यात आखडला आणि चाकांतून जळका वास सुटला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला. अर्ध्या तासाने चाकं गार झाली, तसा बंब शहाण्यासारखा चालू लागला.

“बाबांचा पाय ब्रेकवरून उठतच नाही,” गॅरेजमध्ये परतल्यावर काका मिस्त्रींना म्हणाले. तेही आजोबांना ऐकू जाईल असं. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती. बंब आता काकाच चालवणार होते. आजोबांनी शेजारी बसून लोकांना हात हलवायचा.

ज्या माणसाने अग्निशमन दलात हाच बंब तीस वर्षं आगीच्या तोंडी नेला, त्याने हात हलवायचा! आजोबा गॅरेजच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत राहिले.

सुट्टीला आलेल्या तिघा नातवंडांना ते बघवेना. थोरल्या ताईचं तर डोकंच फिरलं. चूक शोधायचा कंटाळा आला की मोठी माणसं ती घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्याच्या नाहीतर सगळ्यात लहानाच्या माथी मारतात, असं तिचं म्हणणं होतं. ते खोटंही नव्हतं.

काका आणि मिस्त्री जेवायला गेल्यावर तिघांनी आजोबांना मागच्या मोकळ्या मैदानात हळूहळू फेऱ्या मारायला लावल्या. मधला चष्मिस शेजारी बसून फक्त त्यांच्या बुटाकडे बघत होता. पाय एकोणीस वेळा ब्रेकवर गेला आणि एकोणीसही वेळा पूर्ण उचलला गेला. तरी बंब आखडलाच. धाकट्या पिटुकलीने प्रत्येक चाकावर पाणी शिंपडलं. चारही चाकं चर्र करून उठली.

“एकच चाक तापलं असतं तर खोट त्या चाकात,” ताई म्हणाली. “चारही तापली, म्हणजे जिथून चारही चाकांना तेल जातं तिथे बघायला हवं.”

आजोबांनी ब्रेकच्या तेलाच्या डब्याचं झाकण उघडलं. आतली रबराची चकती भिजवलेल्या चण्यासारखी फुगली होती. म्हणजे तेलातच काहीतरी गडबड होती. फळीवर ब्रेक ऑइलचं लेबल लावलेली बाटली होती, काका त्यातूनच तेल भरत. चष्मिस धावत जाऊन दुकानातून सीलबंद बाटली घेऊन आला. पाण्याच्या दोन ग्लासांत दोन्ही तेलं थोडी थोडी ओतली. दुकानातलं तेल पाण्यात मिसळून गेलं. फळीवरचं वर तरंगत राहिलं, म्हणजे ते ब्रेक ऑइल नव्हतंच.

काका मिस्त्रींबरोबर परतले आणि आधी ओरडले. मोठ्यांच्या कामात नाक खुपसायचं नाही, वगैरे. मग त्यांना ग्लास दिसले. मिस्त्रींनी बाटलीचा वास घेतला आणि मान खाली घातली. या गॅरेजमध्ये रिकामी बाटली कधी टाकत नसत. उरलेलं इंजिन ऑइल मिस्त्रींनीच त्यात भरलं होतं, आणि लेबल तसंच राहिलं होतं. त्या तेलाने ब्रेकची रबरं फुगतात, दाबलेलं तेल मागे फिरत नाही, आणि ब्रेक आपोआप लागून राहतात. रबर फाटलं तर ब्रेक लागतच नाहीत.

“काका, आजोबांचा पाय चुकला नव्हता. तुमची बाटली चुकली,” ताई म्हणाली.

पोरं हुशार आहेत म्हणत काकांनी ताईच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला. ती मागे सरकली. “मला शाबासकी नको. आधी त्यांना सांगा.”

काका आजोबांसमोर जाऊन उभे राहिले. “बाबा, चुकलो.”

“सगळी रबरं बदल. सगळ्या नळ्या धुऊन काढ,” आजोबा म्हणाले. “कधी होईल?”

“शुक्रवारपर्यंत.”

“मग रविवारी बंब मी चालवणार.”

मघाशी येरझारा घालणारे आजोबा आता बंबाच्या पायरीवर टेकले. तिघांना त्यांनी जवळ ओढलं. “शाबास रे पोरांनो,” ते हळूच म्हणाले. “खरं सांगू? माझाच पाय चुकतोय, असं मलाही वाटायला लागलं होतं.”